चहा, ताक, सरबत, रस... यातलं काय काय पाण्यात धरायचं? बाबांना ३ लिटर सांगितलंय

वऱ्हाडची_लेक:
नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय पण नीट वाचून सांगा प्लीज. माझे बाबा ६४ वर्षांचे, अकोला जिल्ह्यात असतात, शेती अजून स्वतःच बघतात, कापूस आणि तूर. नुकताच त्यांचा मूतखडा दुर्बिणीने काढला, खडा तपासायला दिला होता तर कॅल्शियम ऑक्सलेटचा निघाला. डॉक्टर म्हणाले परत होऊ द्यायचा नसेल तर रोज ३ लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. बीपी नॉर्मल आहे, शुगर जरा बॉर्डरला आहे, गोळी सुरू नाही अजून.

आता अडचण अशी की बाबा नुसतं पाणी फार कमी पितात. सकाळी उठल्यावर चहा, शेतात गेल्यावर गड्यांसोबत कोरा चहा, दुपारी घरी आले की चहा, परत चार वाजता, असे दिवसाचे चार-पाच सहज होतात. जेवणासोबत ताक लागतंच. उन्हाळ्यात आई ज्वारीची आंबील करते ती पितात, बाजाराच्या दिवशी रसवंतीवर उसाचा रस. शेतात धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीला छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, टांगलेली असते, पाणी मस्त गार असतं त्यातलं, पण संध्याकाळी ती अर्धी भरलेली परत येते.

आईचं म्हणणं चहा म्हणजे पाणी नव्हे, उलट चहाने अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून एक कप चहा घेतला की त्याच्यावर दोन ग्लास पाणी प्यायलाच हवं. बाबांचं म्हणणं, "चहा काय हवेचा बनते काय, पानीच त हाय न त्यात." रोज जेवताना हाच विषय. मी पुण्यात असते, फोनवर दोघंही मलाच विचारतात की खरं काय. तर चहा, ताक, लिंबू सरबत, आंबील, उसाचा रस, आमटी, टरबूज यातलं ३ लिटरमध्ये काय धरायचं आणि काय नाही? आणि हो, शेजारच्या काकांनी सांगितलंय की रोज एक बीअर घ्या, खडा होतच नाही. त्याबद्दलही सांगा कारण बाबांना ते पटायला लागलंय.

फिटनेस_नाशिक:
ताई सरळ सांगतो, फक्त साधं पाणी धरायचं. आमच्या जिममध्ये ट्रेनर हेच सांगतात, चहा कॉफीत कॅफिन असतं, त्याने लघवी जास्त होते म्हणजे शरीर कोरडं पडतं. ज्यूस-सरबत म्हणजे साखर. आठ ग्लास प्लेन वॉटर मोजून प्यायचं, बाकी सगळं वेगळं. मोबाईलवर रिमाइंडर लावून द्या काकांना.

आहार_आणि_आपण:
मी आहारतज्ज्ञ आहे, किडनीचे पेशंट रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या बाबांचं बरोबर आहे. चहा, ताक, दूध, सरबत, आंबील, कॉफी हे सगळं पाण्यात धरायचं. शरीरात गेलेलं पाणी हे पाणीच असतं, ते माठातून आलं की कपातून हे आतड्याला कळत नाही. प्रश्न असतो त्या पाण्यासोबत आणखी काय आलं याचा, साखर किती, मीठ किती, दारू आहे का.

आठ ग्लासचं म्हणाल तर १९४५ साली अमेरिकेतल्या एका पोषण मंडळाने शिफारस केली होती की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, आणि तिथेच लगेच लिहिलं होतं की यातलं बरंचसं शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. लोकांनी अडीच लिटर लक्षात ठेवलं आणि अन्नाचं विसरले. पुढे २००४ साली तिथल्याच तज्ज्ञांनी पुरुषांसाठी ३.७ लिटर आणि बायकांसाठी २.७ लिटर सांगितलं, पण हा आकडा सगळी पेयं आणि जेवण धरून आहे, त्यात साधारण पाचवा हिस्सा नुसत्या अन्नातून येतो. युरोपने २०१० मध्ये २.५ आणि २ लिटर सांगितलं, तेही सगळं धरूनच. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणी असतं, काकडीत ९५ टक्के, टरबुजात ९० च्या वर. वरण, आमटी, रस्सा तर उघडच आहे.

आता चहा. कॅफिनने लघवी वाढते हे खरं आहे, पण ते एकदम भरपूर घेतलं तर, किंवा अजिबात सवय नसलेल्या माणसाने घेतलं तर. रोज पिणाऱ्याच्या शरीराला काही दिवसांत त्याची सवय होते. २०१६ साली ब्रिटनमध्ये ७२ पुरुषांवर एक अभ्यास झाला, वेगवेगळी १३ पेयं तपासली, एका वेळी एक लिटर प्यायला देऊन पुढचे चार तास लघवी मोजली. चहा, कॉफी, कोला या सगळ्यांचं माप साध्या पाण्याइतकंच आलं. दूध आणि ओआरएस तर पाण्यापेक्षा जास्त वेळ अंगात टिकलं. म्हणजे एका चहावर दोन ग्लास पाण्याचा दंड भरायची गरज नाही, हे आईंना नक्की सांगा.

पण बाबांच्या चहात मला दोन गोष्टी खटकतात. पहिली साखर. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत ४०-५० ग्रॅम साखर झाली, आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसभराची मिळून २०-२५ ग्रॅम सांगितलीय. शुगर बॉर्डरला असताना हे कमी करावंच लागेल, एकदम नको, आठवड्याला अर्धा चमचा करत उतरवा, जिभेला कळत नाही. दुसरी गोष्ट कोरा चहा. चहापत्तीत ऑक्सलेट असतं आणि बाबांचा खडा नेमका त्याचाच आहे. दूध घातलं की त्यातलं कॅल्शियम थोडं ऑक्सलेट पोटातच बांधून टाकतं. चहामुळे खडे वाढतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही, २०१३ साली अमेरिकेतल्या जवळपास १ लाख ९४ हजार लोकांची माहिती बघितली तर चहा-कॉफी पिणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण थोडं कमीच निघालं आणि साखरवाला कोला पिणाऱ्यांत जास्त. तरी अती केलं की वाईटच, अमेरिकेत एका माणसाने रोज १६ ग्लास बिनदुधाचा गार चहा पिऊन पिऊन किडनी घालवली, २०१५ साली डॉक्टरांनी ती केस छापली होती. बाबांना चार कप दुधाचे चालतील, शेतातला कोरा एखादाच ठेवा. आणि चहा जेवणाला लागून नको, आधी-नंतर एक तास सोडून, जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही.

उसाचा रस पाण्यात धरता येतो पण १०० मिलीत १३ ते १५ ग्रॅम साखर असते, मोठा ग्लास म्हणजे दिवसभराची साखर एका दमात. बाबांसाठी महिन्यातून कधीतरी, तोही लहान ग्लास. पाणी वाढवायचं साधन म्हणून अजिबात नाही.

ताक, आंबील बेस्ट. खडा कॅल्शियमचा निघाला म्हणून दूध-दही बंद करू नका, बरेच लोक करतात आणि त्याने उलट आतड्यातून ऑक्सलेट जास्त शोषलं जातं. फक्त मीठ बेताने, मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियम जास्त पडतं.

बीअरचं काकांना नम्रपणे नाही म्हणून सांगा. अल्कोहोलने मेंदूतून येणारं एक हार्मोन दबतं, ते किडनीला पाणी धरून ठेवायला सांगत असतं, म्हणून पिणाऱ्याला सारखं जावं लागतं. लघवी जास्त झाली म्हणून लोकांना वाटतं खडा धुतला गेला. तेवढीच लघवी पाण्याने पण होते, मग लिव्हर आणि शुगरला त्रास कशाला.

फिटनेस_नाशिक:
मॅडम माहिती भारी आहे पण मग मला चहा प्यायल्यावर अर्ध्या तासात का लागते? हा माझा अनुभव आहे, असं कसं म्हणता काही होत नाही.

आहार_आणि_आपण:
तुम्हाला लागते हे खरंच आहे. गरम दीडशे मिली पोटात गेलं, थोडं कॅफिनही गेलं, मूत्राशयाला घाई झाली. पण घाई होणं आणि एकूण पाणी जास्त बाहेर पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, लघवी मोजण्याइतकी वाढायला एका वेळी साधारण ३०० च्या आसपास लागतं. तुम्ही कप रिकामा केलात त्यातलं बहुतेक पाणी अंगातच राहतं. वर्कआउटच्या आधी कॅफिनची पावडर घेत असाल तर मात्र डब्यावर एका स्कूपला किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, तिथे हिशोब बदलतो.

सांगलीची_वहिनी:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते कारण हे कुणी सांगत नाही. आमच्या मोठ्या दिरांचं डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीनदा. त्यांना दिवसाला लिटरभरच द्रव चालतं आणि तिथे मग सगळं धरायचं असतं, सगळं म्हणजे सगळं. चहा धरायचा, आमटी धरायची, ताक, बर्फाचा खडा, आईस्क्रीम, गोळी घेताना घेतलेला घोट पण धरायचा. सुरुवातीला आमच्या जाऊबाई पाणी अगदी मोजून द्यायच्या आणि ताटात वाटीभर पातळ आमटी, संध्याकाळी कपभर चहा, रात्री दूध, आणि डायलिसिसला गेलं की वजन तीन-साडेतीन किलो वाढलेलं, सिस्टर विचारायच्या काका काय प्यायलात आणि घरी सगळे म्हणायचे पाणी तर मोजूनच दिलं होतं. पाण्याची व्याख्या नुसतं पाणी अशी केली की असं होतं.

आता आम्ही काय करतो सांगते. सकाळी एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवतो. दिरांनी कपभर चहा घेतला की त्या बाटलीतलं कपभर पाणी झाडाला घालायचं. आमटी वाढली, वाटीभर ओतायचं. बाटलीत उरेल तेवढंच दिवसाचं पाणी शिल्लक. कुणाला वही लागत नाही, आकडेमोड लागत नाही, लहान पुतण्याला पण कळतं. मीठ कमी केल्यावर तहानच कमी लागायला लागली हे वेगळंच.

आणि शहाळं. लोक पेशंटला भेटायला येताना शहाळं घेऊन येतात, प्रेमाने आणतात हो, पण एका शहाळ्यात अर्धा ते पाऊण ग्रॅम पोटॅशियम असू शकतं आणि किडनी बंद असेल तर ते रक्तात साठून हृदयावर येतं. ज्यांचं हार्ट कमजोर आहे, पायाला सूज आहे, ज्यांना डॉक्टरांनी पाणी कमी सांगितलंय त्यांनी या धाग्यावरचं ३ लिटर वाचून काही करू नका कृपया.

आहार_आणि_आपण:
वहिनी, खूप महत्त्वाचं लिहिलंत. बाटलीची युक्ती मी माझ्या पेशंटना सांगणार आहे.

मालवणी_तिखट:
आमच्याकडे कोकम सरबत आणि सोलकढी असतेच रोज, तेही धरायचं ना? एक सांगावंसं वाटतं, बाजारातलं कोकम सिरप निम्म्याच्या आसपास साखरच असते, त्यापेक्षा आमसुलं भिजत घालून त्याचं पाणी, भाजलेलं जिरं, चिमूट मीठ, बस. आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) वापरत असाल तर वरून मीठ नकोच, आगळात आधीच भरपूर असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतावर जाताना पेजेचा डबा नेतात, भात कमी आणि पाणीच जास्त, मीठ टाकलेलं. घामाने गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही भरून येतं. वऱ्हाडातली आंबील तशीच म्हणायची.

मेडिकलवाला_लातूर:
माझं औषधाचं दुकान आहे. उन्हाळा लागला की लोक येतात आणि ऊन लागू नये म्हणून ओआरएसचे रंगीत डबे उचलतात, लहान पोरांना शाळेच्या डब्यासोबत देतात. त्यावर बोलायलाच पाहिजे. खरं ओआरएस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या फॉर्म्युल्याचं, लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात असलं की आतड्यात दोघं जोडीने आत जातात आणि पाणी ओढून नेतात, जुलाबात जीव वाचतो तो यामुळे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाईन संपत आल्यावर हेच द्रावण ड्रममध्ये बनवून हजारो माणसं वाचवली. रंगीत डब्यांमध्ये साखर याच्या कितीतरी पट असते, जुलाब लागलेल्या पोराला ते दिलं तर जुलाब वाढतो. एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली, चांगलं केलं, पण लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. पाकिटावर फॉर्म्युला वाचून घ्या.

काकांसाठी म्हणाल तर रोज ओआरएस नको. मीठ विनाकारण वाढेल. ज्या दिवशी जुलाब झालेत किंवा उन्हात फार घाम जाऊन गोळे आलेत, त्या दिवसापुरतं. घरात पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

पळणारा_सोलापूर:
पाणी जास्त पण होऊ शकतं हे पण लिहून ठेवतो. मॅरेथॉनमध्ये लोक घाबरून प्रत्येक टेबलावर पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं, त्यात शर्यतीत वजन वाढलेले जास्त होते, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त प्यायलेले. किडनी तासाला लिटरच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकते. त्यामुळे संध्याकाळी आठवण आली म्हणून दीड लिटर एकदम ढोसायचं नाही. काकांना दिवसभर वाटून द्या.

वऱ्हाडची_लेक:
सगळ्यांचे खूप खूप आभार. मी आईला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ऐकल्यावर आईने लगेच घरातली भांडी लिटरच्या मापाने मोजली. बाबांचा चहाचा कप आपण नेहमी दीडशे धरतो ना, तो काठोकाठ ११० चा निघाला, आणि आई कधीच काठोकाठ भरत नाही. म्हणजे पाच कप चहा मिळून अर्धा लिटर पण होत नाही. ताकाचा ग्लास २५० (दोन्ही जेवणांचं मिळून ५००), आंबीलचा वाडगा ३०० च्या जवळपास. एकूण बेरीज केली तर चहा, ताक, आंबील मिळून सव्वा लिटरपर्यंत जातं, बाकी पावणेदोन लिटर साध्या पाण्यातूनच यायला लागेल. बाबांना स्वतःला हे ऐकून नवल वाटलं, त्यांना वाटत होतं चहानेच निम्मं काम होतंय.

आता दोन प्रश्न राहिले. एक, आमटी, टरबूज ३ लिटरमध्ये धरू का नको? दुसरं, ते उन्हात सकाळी सात ते अकरा काम करतात, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, तर ३ लिटर पुरेल का?

आहार_आणि_आपण:
आईंनी मोजून काढलं हे फार छान केलं, माझे बरेच पेशंट इथेच चुकतात, कप मोठा समजतात.

आमटी-टरबूज बाबांच्या बाबतीत वेगळं मोजू नका. डॉक्टरांनी ३ लिटर सांगितलं ते प्यायचं, जेवणातलं वरचं बोनस. (वहिनींच्या दिरांना मात्र उलट, तिथे थेंब न् थेंब धरायचा.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. खडा परत होऊ नये यासाठी खरं लक्ष्य पिण्याचं नसतंच, लघवीचं असतं. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी अशी अमेरिकन युरॉलॉजीच्या डॉक्टरांची शिफारस आहे. एसीत बसणारा माणूस ३ लिटर प्यायला तर तेवढी होईल. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचा घाम तासाला लिटरच्या घरात जाऊ शकतो, मग ३ लिटर पिऊन लघवी लिटरभरच होईल आणि ती पण गडद. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात खडे वाढतात त्याचं कारण हेच आहे. म्हणून शेताच्या दिवशी ३ च्या वर लागेल, किती ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. रोज बघायला सोपी खूण म्हणजे रंग, फिकट पिवळा हवा, पहिल्या धारेची सकाळची सोडून. बी-कॉम्प्लेक्सची गोळी सुरू असेल तर रंग फसवतो, गर्द पिवळा दिसतो. तहान लागली की पितो असं बाबा म्हणतील, पण वय वाढतं तशी तहान कमी जाणवते, तेव्हा त्यावर सोडू नका.

छागल अर्धी परत येते म्हणालात, त्याचं कारण विचारा त्यांना. माझ्याकडे येणारे बरेच शेतकरी म्हणतात पाणी धुऱ्यावर आणि काम तासाच्या (पिकाच्या ओळीच्या) दुसऱ्या टोकाला, तिथून कोण येणार. कमरेला लावता येईल अशी लहान बाटली दिली तर फरक पडतो. त्यात अर्धं लिंबू पिळा, साखर नको. लिंबातलं सायट्रेट लघवीत जातं आणि कॅल्शियमला ऑक्सलेटशी जुळू देत नाही. रात्री झोपताना पण एक ग्लास, रात्रीची लघवी सगळ्यात घट्ट असते. उठायला लागेल एकदा, बाथरूमचा दिवा चालू ठेवायला सांगा.

वऱ्हाडची_लेक:
विचारलं. अगदी तेच म्हणाले, छागल लांब असते. आणि गड्यांसमोर सारखं पाणी प्यायला जाणं बरं दिसत नाही म्हणे. आता गड्यांसाठी पण बाटल्या घेऊन देणार आहे, सगळेच उन्हात असतात. ताकाला मीठ किती घालायचं तेवढं सांगा, आई विचारतेय.

आहार_आणि_आपण:
ग्लासाला दोन बोटांची चिमूट, जिरं-कोथिंबीर हवं तेवढं. लोणचं-पापड त्याच जेवणात असेल तर ताक बिनमिठाचं. आणि डॉक्टरांकडे परत दाखवायला जाल तेव्हा २४ तासांच्या लघवीची तपासणी करायची का हे विचारा, कॅनमध्ये दिवसभराची जमा करून लॅबला द्यायची असते. त्यात एकूण लघवी किती होते ते तर कळतंच, सोडियम, ऑक्सलेट, सायट्रेट पण कळतं. तपासणी शेतात कामाच्या दिवशीची करा, सुट्टीच्या दिवशीची नको. रिपोर्ट आला की इथे टाका, चहाचं काय करायचं ते त्यावरून नक्की सांगता येईल.